हे लिहून ठेवणं कोणाला भाग होतं?

बेदाण्याचा धंदा काढायचं तू मनावर घेतलंस आणि एमबीएचा प्रकल्पही त्याच विषयावर घेतलास, हे मला फार आवडलं. पिंपळगाव बसवंतकडच्या बागाईतदार घरातली मुलगी आधी बाजार समजून घेते आणि मग भांडवल घालते, असं आपल्याकडे अजून पुरेसं घडत नाही. तू विचारलंस, "आत्या, या धंद्याची खरी माहिती मिळेल कुठे?" व्यवस्थापन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी याच प्रश्नाची उत्तरं शोधण्यात गेली. माझ्या आधीच्या ग्रंथपाल बाईंनी जे माझ्या कानात घातलं, तेच आता तुझ्या कानात घालते.

बाई म्हणायच्या, कुठे मिळेल ते मागाहून बघू. आधी विचार कर, हे लिहून ठेवणं कोणाला भाग होतं? कंपनीला ताळेबंद दाखल करावाच लागतो, नाहीतर दंड बसतो. बाजार समितीला रोजची आवक लिहावीच लागते, तिचं बाजार शुल्क त्यावर ठरतं. कस्टमला कंटेनरमध्ये काय आहे आणि तो कुठे निघाला हे नोंदवावंच लागतं. शेअर विकायला निघालेल्या कंपनीला स्वतःची दुखणीखुपणी सेबीपुढे मांडावीच लागतात. ज्याला लिहिणं भाग आहे आणि खोटं लिहिलं तर ज्याच्या अंगाशी येतं, त्याच्या दारात पहिल्यांदा जायचं. हौसेनं लिहिणारे, माल खपवायला लिहिणारे आणि दुसऱ्याचं उचलून लिहिणारे यांचा नंबर नंतर. शोधयंत्रावर मात्र हेच तिघं सगळ्यात वर दिसतात. म्हणून शोधपट्टीत अक्षर टाकण्याआधी वहीत हा प्रश्न लिही आणि त्याखाली दोन-तीन कार्यालयांची नावं लिही. निम्मं काम तिथेच होतं.

आता तुझ्यापुढे उभा राहील तो पहिला माणूस म्हणजे गिऱ्हाईक नाही, स्पर्धक. सांगली-तासगावच्या बाजूला बेदाण्याचे मोठे सौदे चालतात, तिथले पॅकिंगवाले, नाशिकचे निर्यातदार, मुंबईचे सुकामेव्याचे घाऊक व्यापारी. एखाद्याची वेबसाइट बघून छाती दडपते: मोठे शेड, चकचकीत यंत्रं, वीस देशांचे झेंडे. झेंडे बाजूला ठेव आणि पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाच. तिथे कंपनीचं पूर्ण नाव असतं, आणि बिलावर जीएसटी क्रमांक.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. या दहांतलं चौथं अक्षर बघायचं, म्हणजे पूर्ण क्रमांकातलं सहावं. ते 'पी' असेल तर धंदा एका माणसाच्या नावावर आहे, 'एफ' असेल तर भागीदारी, 'एच' असेल तर एकत्र कुटुंब, 'सी' असेल तर कंपनी. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये हा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, कायदेशीर नाव आणि विवरणपत्रं वेळेवर भरली जातात का, हे दिसतं. पंचवीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याची नोंदणी मागच्या वर्षीची निघाली, तर त्याला फोन करून कारण विचार. कधी कारण सरळ असतं, वडिलांच्या नावावरचा धंदा मुलानं कंपनीत नेलेला असतो. पण विचारल्याशिवाय ते कळत नाही.

अक्षर 'सी' निघालं तर पुढचं दार कंपनी व्यवहार मंत्रालयाचं, म्हणजे एमसीएचं पोर्टल. इथे प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षरांचा क्रमांक असतो, सीआयएन म्हणतात त्याला. तो वाचायला शिक. पहिलं अक्षर 'एल' म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' म्हणजे न नोंदलेली. मग पाच अंक उद्योगाचे, मग राज्याची दोन अक्षरं, आपल्याकडे 'एमएच', मग स्थापनेचं वर्ष चार अंकांत, मग कंपनीचा प्रकार तीन अक्षरांत, आणि शेवटी सहा अंकांचा नोंदणी क्रमांक. उद्योगाच्या त्या पाच अंकांवर फार विसंबू नकोस. कंपनी ज्या कामासाठी निघाली तो आकडा तिथे राहिलेला असतो, आज ती दुसरंच काही करत असू शकते.

मूळ माहिती फुकट दिसते. ताळेबंद, वार्षिक विवरण, कर्जासाठी गहाण ठेवलेल्या मालमत्तेची नोंद ही कागदपत्रं बघायला कंपनीमागे शंभर रुपये भरावे लागतात आणि मग ठरावीक मुदतीत ती उतरवून घ्यायची असतात. हे शंभर रुपये वाचवणारे विद्यार्थी मी खूप बघितले. बाजारसंशोधनाच्या अहवालासाठी मात्र त्यांची दोन-दोन हजार डॉलर मोजायची तयारी असायची. ताळेबंदात आधी साठा बघ, मग उधारी. बेदाणा शीतगृहात महिनोन्महिने राहतो, त्यामुळे या धंद्यात पैसा कुठे अडकतो ते तिथे दिसेल. मार्चअखेरचे आकडे एप्रिलमध्ये शोधू नकोस. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि त्यानंतर तीस दिवसांत ताळेबंद दाखल होतो, म्हणून नोव्हेंबरमध्ये बघ.

एकट्याच्या मालकीचा धंदा आणि साधी भागीदारी एमसीएवर सापडत नाही. आपल्या जिल्ह्यातले बहुतेक छोटे कारखानदार तसेच आहेत. तिथे पतमानांकन संस्थांचा उपयोग होतो, आणि हा मार्ग फार थोड्यांना ठाऊक आहे. बँकेकडून मोठं कर्ज घेताना मध्यम कंपन्या, कधी भागीदारी संस्थासुद्धा, क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज यांच्याकडून मानांकन करून घेतात. मानांकन का दिलं याचं दोन-चार पानी निवेदन या संस्थांच्या वेबसाइटवर फुकट असतं. त्यात उलाढाल, नफ्याचं प्रमाण, गिऱ्हाईक किती दिवसांत पैसे देतं, कोणत्या हंगामात खेळतं भांडवल लागतं, सगळं असतं. फक्त 'जारीकर्ता सहकार्य करत नाही' असा शेरा आहे का ते आधी बघ. तो असेल तर कंपनीनं नवी माहिती दिलेली नाही आणि जे लिहिलंय ते जुन्या माहितीवर बेतलेलं आहे.

बाजारात नोंदलेल्या कंपन्यांकडे तर खजिनाच असतो. आपल्या नाशिकच्या सुला विनयार्ड्सचंच बघ. डिसेंबर २०२२ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. त्याआधी सेबीकडे दिलेलं माहितीपत्रक शेकडो पानांचं आहे आणि आजही सेबीच्या वेबसाइटवर आहे. तुला वाइन काढायची नाही, पण त्यातला 'उद्योगाचा आढावा' हा भाग आणि 'जोखमीचे घटक' हा भाग वाच. द्राक्ष शेतकऱ्यांशी करार कसे होतात, पावसानं एक हंगाम गेला तर काय होतं, राज्याच्या अबकारी धोरणावर धंदा किती अवलंबून असतो, हे कंपनीनं स्वतःच्या सहीनं लिहून दिलेलं आहे. आढाव्याचा भाग कंपन्या बहुधा एखाद्या संशोधन संस्थेला पैसे देऊन करून घेतात. हजारो रुपयांचा अहवाल तुला फुकट मिळतो हे खरं, पण तो कोणाच्या पैशानं झाला हेही तिथेच लिहिलेलं असतं. वाढीचे अंदाज त्या हिशेबानं घे. जोखमीच्या भागावर माझा जास्त विश्वास आहे, कारण तिथे काही लपवलं तर सेबी विचारते.

सुकामेवा, मसाले, पॅकबंद खाद्यपदार्थ यांतल्या नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि विश्लेषकांशी झालेल्या बोलण्याच्या लेखी नोंदी मुंबई शेअर बाजार आणि एनएसईच्या वेबसाइटवर असतात. अध्यक्षांचं भाषण सोडून दे. टिपा वाच, म्हणजे ताळेबंदानंतर बारीक अक्षरात असतात त्या. संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार तिथेच असतात.

आता भावाचं. कांदा असो, द्राक्ष असो, बेदाणा असो, भावाच्या तक्त्यात तीन दर असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. सोबत आवक क्विंटलमध्ये. राज्य कृषी पणन मंडळाची वेबसाइट आणि केंद्राचं अ‍ॅगमार्कनेट या दोन्ही ठिकाणी ते मिळतात, आणि कांद्यासाठी एनएचआरडीएफ या संस्थेची वेबसाइटही आहे. मुलं काय करतात, महिन्याचे सगळे सर्वसाधारण दर बेरजेला घेतात आणि दिवसांनी भागतात. समज, एका दिवशी २०,००० क्विंटल कांदा १,००० रुपयांनी गेला आणि दुसऱ्या दिवशी २,००० क्विंटल २,००० रुपयांनी. साधी सरासरी १,५०० येते. पण शेतकऱ्यांच्या हातात खरोखर किती पडलं ते बघायचं तर एकूण पैसे एकूण क्विंटलनं भागायला हवेत. ते येतात सुमारे १,०९१ रुपये. चारशे रुपयांचा फरक, आणि तोही तुझ्या प्रकल्पाचा सगळा नफा-तोटा उलटा करणारा. बेदाण्यात तर हे आणखी जपायला लागतं, कारण साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. द्राक्षाच्या भावातली एका रुपयाची चूक बेदाण्यात चार रुपयांची होते.

आणखी एक. लासलगाव म्हणून शोधलंस तर मुख्य बाजार दिसेल, विंचूर आणि निफाडचे उपबाजार वेगळ्या ओळीत असतात. ते मिळवायचे की नाही हे आधी ठरव आणि पूर्ण प्रकल्पात एकच पद्धत ठेव. नाशिकचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा दोन तऱ्हांनी शोध, 'एच' घालून आणि 'एच'शिवाय. जुने अहवाल आणि कितीतरी सरकारी तक्ते 'एच'शिवायच्या नावाखाली आहेत.

निर्यातीचे आकडे नावानं शोधायचे नसतात, एचएस संकेतांकानं शोधायचे असतात. ताजी द्राक्षं ०८०६१०, बेदाणे ०८०६२०, कांदा ०७०३१०. पहिले सहा अंक जगभर सारखे, त्यापुढचे प्रत्येक देशाचे आपापले. वाणिज्य मंत्रालयाची आयात-निर्यात डेटा बँक, अपेडाचं अ‍ॅग्रीएक्स्चेंज, संयुक्त राष्ट्रांचं कॉमट्रेड आणि जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचं ट्रेड मॅप, या चारही ठिकाणी हाच संकेतांक चालतो. तक्ता उघडलास की आपली द्राक्षं सगळ्यात जास्त नेदरलँड्सला जाताना दिसतील. म्हणून नेदरलँड्स ही मोठी बाजारपेठ आहे असं प्रकल्पात लिहून मोकळी होऊ नकोस. माल रॉटरडॅम बंदरात उतरतो आणि तिथून जर्मनी, पोलंड, पुढे कुठे कुठे जातो. खाणारा कुठे आहे हे बघायचं तर नेदरलँड्सची निर्यात वेगळी काढून बघायला लागते. शिवाय आपण लिहिलेला आकडा आणि त्यांनी लिहिलेला आकडा जुळत नाही. निर्यात करणारा जहाजावर चढवेपर्यंतची किंमत लिहितो, आयात करणारा त्यात विमा आणि जहाजभाडं धरतो. कोणाची तरी चूक झाली असं समजून घाबरू नकोस. तुझ्या तक्त्याखाली आकडा कोणत्या बाजूचा आहे ते एका ओळीत लिही.

बेदाण्यात आयातही बघ. अफगाणिस्तानचा माल आपल्या बाजारात येतो आणि दिवाळीआधीचा भाव त्यावरही ठरतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' नावाचं पुस्तक राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्यासाठी काढतं. मराठीत असतं, तालुकावार असतं. निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर असे तालुके शेजारी शेजारी ठेवून पिकाखालचं क्षेत्र, रस्ते, वीज, बँका, कारखाने बघता येतात. नाशिकमधली कितीतरी हुशार मुलं परदेशी संस्थांचे अहवाल चाळत बसतात आणि स्वतःच्या जिल्ह्याचं हे पुस्तक त्यांनी उघडलेलं नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच्या जोडीला नाबार्डचा जिल्ह्याचा संभाव्य कर्ज आराखडा, पीएलपी म्हणतात तो, वाच. शेतमाल प्रक्रिया, साठवणूक, गोदामं यांसाठी जिल्ह्यात किती कर्जाला वाव आहे आणि कुठल्या सोयी कमी पडतात हे त्यात असतं. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक महाराष्ट्र बँक आहे. तिथल्या अधिकाऱ्यासमोर कर्जाचा प्रस्ताव घेऊन बसशील तेव्हा त्याच्या टेबलावर हाच आराखडा असणार. त्याच्याच आकड्यांत बोललीस तर तो नीट ऐकतो.

ग्रंथालयाबद्दल मी जरा जास्त बोलेन, तेवढं ऐकून घे.

तुझ्या महाविद्यालयानं जे डेटाबेस घेतलेत त्यांचे पैसे तुझ्या फीमधून जातात. तरी बहुतेक मुलं शेवटच्या सत्रात, अहवाल छापायच्या आठवड्यात ग्रंथालयात येतात. पहिल्या आठवड्यात जा. घरून वापरायचा मार्ग आहे का ते विचार. बऱ्याच संस्थांना इन्फ्लिबनेटच्या इन्फेड व्यवस्थेतून किंवा वेगळ्या पासवर्डनं तो दिलेला असतो. दोन प्रकारचे डेटाबेस वेगळे ओळखायला शिक. एक लेखांचे, जसे एब्स्को, प्रोक्वेस्ट, जे-गेट, एमराल्ड. दुसरे आकड्यांचे, जसे मुंबईच्या सीएमआयईचं प्रोवेस किंवा कॅपिटालाइन, ज्यांत हजारो कंपन्यांचे ताळेबंद एकाच साच्यात बसवून ठेवलेले असतात. लेखांच्या डेटाबेसात आकडे आणि आकड्यांच्या डेटाबेसात विचार शोधणारी मुलं दोन्हीकडून रिकाम्या हातानं परततात. प्रोवेसमध्ये एकट्या कंपनीचे आकडे आणि उपकंपन्या धरून एकत्रित आकडे वेगळे असतात. एका कंपनीचे एकटे आणि दुसरीचे एकत्रित घेऊन तुलना केलेले प्रकल्प मी इतके पाहिलेत की आधीच सांगून ठेवते.

लेखांच्या डेटाबेसात पूर्ण वाक्य टाकू नकोस. एक बऱ्यापैकी लेख मिळाला की त्याच्या नोंदीत 'विषय संज्ञा' असतात त्या बघ. बेदाण्यावरचा लेख 'सुकामेवा उद्योग', 'कापणीपश्चात तंत्रज्ञान', 'मूल्यसाखळी' अशा इंग्रजी संज्ञांखाली ठेवलेला असतो. त्याच संज्ञेवर टिचकी मारलीस की तुझ्या डोक्यात कधी न आलेले लेख समोर येतात. आणि वरच्या पट्टीतला पत्ता उतरवून ठेवू नकोस, तो तेवढ्या बैठकीपुरता असतो, उद्या उघडत नाही. लेखाच्या पानावरच 'कायमचा दुवा' किंवा डीओआय असतो तो घे.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था. खाजगी महाविद्यालयांना सुरुवातीला ती लागू नव्हती. तुझं महाविद्यालय त्यात नसेल तरी वाट बंद होत नाही. ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या बाहेरच्या वाचकाला मुभा देणारे प्रकाशकांचे करार असतात. म्हणून सरकारी संस्थेच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथपालांना तुझ्या ग्रंथपालांचं पत्र घेऊन भेट. डेलनेटच्या सभासद ग्रंथालयांत एकमेकांकडून पुस्तकं आणि लेख मागवता येतात. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे. अर्थकारणाचे जुने अहवाल बघायला एक दिवस काढून तिथे जाऊन ये.

शोधगंगा मात्र सगळ्यांना खुली आहे. देशभरच्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध तिथे असतात. द्राक्ष, बेदाणा, कांदा, वाइन, सहकारी पणन यांवर आपल्या विद्यापीठांत झालेलं काम तिथे मिळेल, काही मराठीतही. प्रबंध शेवटाकडून वाचायला घे. परिशिष्टात प्रश्नावली असते, तुझ्या सर्वेक्षणाला ती नमुना म्हणून उपयोगी पडते. त्याआधी संदर्भसूची असते, तिच्यावरून संशोधकानं कोणकोणत्या कार्यालयांची दारं ठोठावली ते कळतं. मधली सैद्धांतिक प्रकरणं मागाहून वाचलीस तरी चालेल. खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररीही फुकट आहे, तिथे नोंदणी करून ठेव.

आणि टिळकपथावरचं आपलं सार्वजनिक वाचनालय विसरू नकोस. १८४० सालची संस्था आहे, 'सावाना' म्हणून सारं नाशिक तिला ओळखतं. धंद्याची माहिती म्हणजे फक्त ताळेबंद नव्हेत. इथल्या उद्योजकांची मराठी आत्मचरित्रं, वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्या, मराठा चेंबरचं 'संपदा' आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं 'उद्योजक' अशी मासिकं, हे सगळं वाचायचं असतं. कोणत्याही ग्रंथालयात दशांश वर्गीकरण असेल तर ६५८ वर व्यवस्थापन, ६५७ वर हिशेब, ३८१ आणि ३८२ वर व्यापार, ६३४.८ वर द्राक्षशेती. त्या कप्प्यापाशी उभं राहून पाठीवरची नावं वाचत जा. शोधयंत्र फक्त तू मागितलेलंच देतं, शेजारचं पुस्तक कप्प्यातच दिसतं. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड, त्यातलं व्यापाराचं प्रकरण एकदा चाळ. तुझ्या पाकिटावर आपल्या मुलखाची चार वाक्यं लिहायची असतील तर ती त्यातल्या नोंदींवर उभी राहू देत.

ग्रंथपालाला प्रश्न कसा विचारायचा तेही सांगते. "मार्केटिंगवर काही आहे का?" असं विचारलंस की तो बिचारा कप्पा दाखवतो. "पुढच्या हंगामात वीस टन बेदाणा साठवायचा की लगेच विकायचा हे मला ठरवायचंय, त्यासाठी मागच्या पाच वर्षांचे महिनावार भाव हवेत" असं विचार. कोणता निर्णय घ्यायचाय ते सांगितलंस की तो तुझ्याबरोबर उठून शोधायला लागतो.

शोधयंत्रावर दोन-तीन सवयी लावून घे. नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाक. फक्त सरकारी पानं हवी असतील तर 'साइट' हा इंग्रजी शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि मग सरकारी पत्त्याचं शेपूट लिही. अहवाल हवा असेल तर त्याच पद्धतीनं 'फाइलटाइप' आणि 'पीडीएफ'. गायब झालेलं पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये बहुतेक वेळा सापडतं. पण सगळ्यात मोठी सवय तारीख बघायची. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं, त्याच वर्षी डिसेंबरात बंदी झाली, मे २०२४ मध्ये टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य ठेवून ती उठली, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही संपलं. यांतल्या प्रत्येक टप्प्याचे लेख आजही शोधयंत्रावर शेजारी शेजारी दिसतात आणि प्रत्येक लेख 'सध्या' असंच म्हणतो. म्हणून बातमीवरून फक्त सुगावा घ्यायचा आणि मूळ अधिसूचना परकीय व्यापार महासंचालनालयाच्या वेबसाइटवर किंवा भारताच्या राजपत्रात बघायची.

लघुउद्योगाच्या मर्यादांचंही तसंच. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म उद्योगाला १ कोटी गुंतवणूक आणि ५ कोटी उलाढाल ही मर्यादा होती, १ एप्रिल २०२५ पासून ती अडीच कोटी आणि १० कोटी झाली. जुना आकडा लिहिलेली पानं ढिगानं आहेत. तुझ्या धंद्यापुरती आणखी एक गोष्ट मुळातून वाच. शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही असा खुलासा डिसेंबर २०२४ च्या, म्हणजे ५५ व्या जीएसटी परिषदेनं केला. घरचे शेतकरी म्हणून विकणार की तू कंपनी काढून त्यांच्याकडून घेऊन विकणार, यावर तुझा हिशेब बदलतो. परिपत्रकाची प्रत घेऊन सनदी लेखापालाकडे जा.

एआयच्या चॅटबॉटला विचारू नको असं मी म्हणणार नाही. त्याला शब्द विचार: या विषयाला इंग्रजीत कोणकोणत्या संज्ञा आहेत, कोणतं खातं हे आकडे गोळा करत असेल. आकडा आणि संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नकोस. अस्तित्वात नसलेल्या लेखाचं नाव, लेखक, वर्ष तो अगदी सफाईनं लिहून देतो. त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ ठिकाणी उघडून बघ, उघडला नाही तर खोड.

वहीत प्रत्येक आकड्यापुढे चार गोष्टी लिही: कोणी दिला, कोणत्या काळाचा, कोणत्या मापात, तू कधी बघितलास. माप महत्त्वाचं. आपले लाख-कोटी आणि त्यांचे मिलियन-बिलियन यांत दहा लाखांचा एक मिलियन आणि शंभर कोटींचा एक बिलियन, हे घोकून ठेव. वर्षही बघ. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, कॉमट्रेडचं जानेवारी ते डिसेंबर. आपल्या द्राक्षाचा हंगाम नेमका या दोन्हींच्या सांध्यावर येतो. त्यामुळे एकाच हंगामाचा माल दोन तक्त्यांत दोन वेगळ्या वर्षांत मोडलेला दिसतो.

जो आकडा सरकारकडे असूनही कुठेच छापलेला नाही, तो माहिती अधिकारात माग. १० रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. नेमका कागद माग, 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नकोस. आणि कागद वाचून झाले की मग माणसांकडे जा. पिंपळगावच्या बाजारातला आडत्या, सातपूरला निमा या उद्योजकांच्या संघटनेच्या कार्यालयात भेटणारे कारखानदार, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सशी जोडलेले शेतकरी, तासगावच्या सौद्यातले दलाल. हातात आकडे असतील तर ही माणसं तुझ्याशी बरोबरीनं बोलतात. रिकाम्या हातानं गेलीस तर चहा पाजून पाठवतात.

या आठवड्यात एवढंच कर. जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जाऊन समालोचनाची शेवटची आवृत्ती बघ, सावानाचं सभासदत्व घे, आणि ज्या तीन पॅकिंगवाल्यांचं तुला दडपण वाटतं त्यांची पाकिटं विकत आणून मागची पूर्ण नावं वहीत उतरव. पाकिटं फेकू नकोस, येताना घेऊन ये. आपण दोघी बसून पोर्टलवर बघू.